दलदलीतल्या राक्षसाला मराठीत काय म्हणावं?

सांगलीतली काही मुलं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा 1974 सालचा, पात्रं होऊन गोष्ट रंगवत खेळायचा अमेरिकी खेळ मराठीतून खेळतात. त्यातल्या दलदलीत राहणाऱ्या 'शॅम्बलिंग माउंड'ला 'दलदलासुर' म्हणावं की पाण्यातल्या देवतांवरून 'आसरा', असं त्यांनी विचारलंय.

'दलदलासुर' व्याकरणाला चालेल, मला मात्र पटत नाही. असुर म्हटला की त्याला कुणीतरी वर दिलेला असतो, महिषासुर-भस्मासुरासारखी स्वतःची कथा असते. हे धूड म्हणजे कुजलेल्या वेलींचा चालता ढीग. बुद्धी बेताची, सापडलेल्या माणसाला आत ओढून गुदमरून मारायचं, एवढंच ठाऊक. आणि आसरांना विहिरीच्या काठावर आजही हळदकुंकू वाहतात. त्यांच्यावर खेळातसुद्धा तलवार उगारू नये.

माझा शब्द आहे 'गुंतवळ'. विंचरताना फणीत येतो तो केसांचा गुंता. आजी ते भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायची. न्हाणीच्या मोरीत ओलं गुंतवळ हाताला लागलं की अंगावर काटा येतो ना, तोच इथं हवाय. कृष्णेचा पूर ओसरल्यावर आयर्विन पुलाच्या खांबांना जलपर्णी, पाचट, चिंध्या, दोऱ्या यांचं जे भेंडोळं अडकून राहतं, तेही मला गुंतवळच वाटतं. ते रात्री हललं तर?

शिवाय शब्द नपुंसकलिंगी. भूत, पिशाच, धूड, जनावर, सगळी 'ते'. 'तो आला' म्हटलं की कुणी ओळखीचा वाटतो. 'ते आलं' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. रूपंही सहज होतात : गुंतवळानं ओढलं, गुंतवळात अडकला, तीन गुंतवळं आली. 'गुंतणे' हा धातू आत आहेच, त्यामुळे ते काय करतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

'दलदल' नकाशावर लिहायला ठीक. बोलताना 'रेंदा' म्हणा, पाय रुतल्याचा आवाज त्यात आहे.

खेळाच्या 2014 च्या नियमांप्रमाणे विजेनं या राक्षसाला इजा होत नाही, उलट गेलेली ताकद परत येते. तिथं 'वीज शोषून घेतं' म्हणू नका, प्रयोगशाळेत बसल्यासारखं वाटतं. 'गुंतवळ वीज पितं' म्हणा.