धिंड काढली म्हणजे कायद्याचं राज्य आलं का?

भावा, तू विचारलंयस की गुंडाची चौकातनं धिंड काढली, घरावर जेसीबी घातला की त्यालाच कायद्याचं राज्य म्हणायचं ना. मी वकील नाही, पण बावीस वर्षं कोर्टाच्या आवारात अर्ज टाईप करतोय, म्हणून ठामपणे सांगतो, नाही. कायद्याचं राज्य म्हणजे साहेबालापण कायद्यानं जेवढा अधिकार दिलाय तेवढाच, त्याच्यापुढं एक पाऊल नाही.

माझ्या मामाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगचं शेड होतं, जागा स्वतःची, पण मागचं चार फूट बांधकाम नकाशात नव्हतं, हे तो स्वतः कबूल करायचा. एक दिवस सकाळी जेसीबी दारात. नोटीस कुठाय विचारलं तर आदल्या दिवसाची तारीख घातलेला कागद खिशातनं काढून दाखवला, आणि चार फुटाच्या जागी अख्खं शेड पाडलं, पत्रे दुमडून वेल्डिंग मशीनवर पडले आणि मामा हातात पावत्यांची फाईल घेऊन तसाच उभा. चूक होती त्याची, पण ती फाईल कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही ओ!

सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०२४ ला हेच सांगितलं, आधी किमान १५ दिवसांची नोटीस, मग सुनावणी, मग कारणं लिहून आदेश, आणि हे डावलून पाडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातनं. रस्ता, फुटपाथ, नदीकाठचं अतिक्रमण यातनं वगळलंय, ते बरोबरच हाय. पण नुसता आरोप आहे म्हणून, अगदी गुन्हा शाबीत झाला म्हणूनसुद्धा, घर पाडता येत नाही. घटनेचं कलम १४ वाच, तिथं 'नागरिक' शब्द नाही, 'कोणतीही व्यक्ती' असं आहे, म्हणजे तुझा तो गुंडपण त्यात आला.

आणि सभागृहात मंजूर झालं म्हणून सगळं चालतं असंपण नाही. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, तर ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वादच कोर्टाच्या हाताबाहेर काढला, अगदी रीतसर मतदान घेऊन. सुप्रीम कोर्टानं त्याच नोव्हेंबरात तेवढा भाग उडवला, निवडणूक कायम ठेवली तरी.

मामा तेव्हा गप्प बसला कारण रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्ध हायकोर्टात अर्ज, घालायला मुंबई गाठायची, वकिलाची फी, राहणं, प्रत्येक तारखेला दोन दिवस धंदा बंद. १८ ऑगस्ट २०२५ पासनं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचे न्यायाधीश, आपल्या कोल्हापुरातच बसतंय. त्याची फाईल अजून माझ्याकडं हाय.