सील घाटात नेण्याआधी

भावा, बीवायडी सील परफॉर्मन्स ही इलेक्ट्रिक गाडी घेतलीस, मनापासून आनंद झाला. पण साताऱ्यातून लगेच कासला पळवू नकोस. ५३० पीएसची ताकद आणि ३.८ सेकंदांत शंभरचा वेग हे वाचायला भारी वाटतं; यवतेश्वर घाटाच्या वळणावर तोच जोर अंगावर येतो. पेट्रोल गाडीत आवाज चढतो, गिअर पडतो, तेवढ्यात आपण सावरतो. इथे पाय टेकला की ६७० एनएमचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, थेट चाकांवर. म्हणून वळणात शिरण्याआधीच वेग उतरव आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत पुन्हा दाबू नकोस. वजन दोन टनांच्या वर आहे, ते ब्रेक मारताना कळतं.

उतारावर रीजनचा, म्हणजे मोटरच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरते त्याचा, मोठा आधार असतो. पण वर मुक्कामी फुल चार्ज करून निघालास तर तो जवळजवळ मिळतच नाही, कारण बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबव. गाडीचं पोट खाली आहे, गावातले गतिरोधक तिरके घे. पावसाळ्यात धुकं उतरलं की स्पोर्ट मोड बंद म्हणजे बंद.

जोर अनुभवायचाच तर मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसवरून सत्तरवर ने. तेवढ्यातही पाठ सीटला चिकटते.