प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सही नको

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभेला कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरत नाही. सभा तहकूब होते आणि पुढे कधीतरी घरोघरी सह्या फिरवून ठराव मंजूर झाल्याचं कळतं. काय करावं?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : कोरम वाटतो तेवढा मोठा नसतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा लहान असेल तो. म्हणजे १,८०० मतदारांच्या गावात १०० माणसं पुरतात, ५०० मतदारांच्या गावात ७५. प्रत्येक गल्लीने दहा-बारा जण आणायचे ठरवलं तरी जमतं.

खरी मेख तहकूब सभेत आहे. तिला कोरम लागत नाही, त्यामुळे पाच-सात जणांतही ठराव होतो. मात्र मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय तिथे घेता येत नाही. म्हणून सभेची नोटीस लागली की तिचा फोटो काढून ठेवा. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. तुमचा विषय त्यात नसेल तर लगेच लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही, मग पुढे भांडायला हाती काही उरत नाही.

सह्यांचं म्हणाल तर हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ठराव आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा सोडलेली असते, ती नंतर भरली जाते. सभा संपताच ठराव मोठ्याने वाचून घ्या, कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायला लावा आणि पानाचा फोटो त्याच दिवशी काढा. घरी आलेल्या रजिस्टरवर सही करूच नका. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदावरच उरकली जात असेल तर बचत गटांनी तिची तारीख लेखी मागावी. पाण्याचा आणि शाळेचा विषय तिथेच नीट मांडला जातो.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या गटाराला महापालिकेकडे निधी नाही, असं दरवर्षी ऐकतो.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कारण बहुतेकदा असं की मागणी उशिरा जाते. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, विभागीय कार्यालयात पत्र द्या. त्यात गटाराची लांबी, कुठून कुठपर्यंत आणि किती घरं एवढं लिहा. नुसतं ‘गटार करून मिळावे’ लिहिलं तर त्या कामाच्या खर्चाचा अंदाज बनत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ५ लाखांपर्यंतच्या कामाला प्रभाग समितीच मंजुरी देऊ शकते. या समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. त्या जागा रिकाम्या आहेत का, हे जरूर विचारा.

प्रश्न : रस्त्याचं काम निकृष्ट झालंय. माहिती अधिकारात काय मागू?
– एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : ‘काम निकृष्ट का?’ असं विचारू नका. खुलासा नाही, कागद मागा. कार्यारंभ आदेश, कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक, या चारांच्या प्रती. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हाती आली की टेप घेऊन रस्त्यावर जा. समजा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड असं लिहिलंय, तर काँक्रीट ४५ घनमीटर होतं. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटर भरली तर ३०च. तिसरा हिस्सा गेला. फक्त कडेला मोजू नका, कारण कडेला जाडी पुरेशी ठेवून मध्ये पातळ थर टाकला जातो. मध्यभागी कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार गोल नमुना, काढून तपासणी करण्याची मागणी लेखी द्या, आणि कोअर काढताना गावातले चार जण तिथे हजर ठेवा.