शेजाऱ्याची माहिती २०२० च्या आधीची आहे

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता मेलबर्नला असतो. गेल्या वर्षी गिप्सलँडमध्ये (व्हिक्टोरिया राज्याचा पूर्व भाग) बारा एकर जमीन घेतली. तिथल्या शेडखाली वॉम्बॅटने (बिळात राहणारा, कांगारूसारखी पिशवी असलेला इथला प्राणी) बीळ केलंय, एक कोपरा खचून भिंतीला भेग गेली आहे. शेजारचे आजोबा म्हणतात, "इकडे वॉम्बॅटला संरक्षण नाही, दुर्मीळही नाही. माती ओतून बुजवा." शनिवारी जेसीबी सांगितला आहे. आम्ही पीआर (कायम वास्तव्याचा व्हिसा असलेले) आहोत, पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : आधी जेसीबीवाल्याला फोन करून शनिवारचं काम रद्द करा. मग पुढचं वाचा.

आजोबा खोटं बोलत नाहीत, त्यांची माहिती शिळी झाली आहे. व्हिक्टोरियात वॉम्बॅटला १९७५ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मात्र राज्याच्या पूर्वेकडच्या १९३ पॅरिशांत (पॅरिश म्हणजे जमिनीच्या नोंदीचे जुने विभाग, आपल्या तलाठी सजासारखे समजा) सरकारी आदेशाने ते काढून घेतलेलं होतं. तिथे परवानगीशिवाय वॉम्बॅट मारता येत असे. फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द झाला. गावात मात्र जुनाच कायदा अजून तोंडी चालू आहे.

'दुर्मीळ नाही' हेही खरं, पण कामाचं नाही. क्वीन्सलंडमधला उत्तरेकडचा केसाळ नाकाचा वॉम्बॅट अतिसंकटग्रस्त आहे; १९८० च्या दशकात एपिंग फॉरेस्टमध्ये ते जेमतेम पस्तीसेक उरले होते. तुमच्या शेडखालचा उघड्या नाकाचा, संख्येने पुष्कळ. पण राज्याचा कायदा संख्या बघून संरक्षण देत नाही. आपल्याकडे रानडुकराने पीक नासलं तरी आधी वनखात्याचा कागद लागतो, तसंच हे.

संरक्षित प्राणी परवानगीशिवाय मारला तर ५० पेनल्टी युनिटपर्यंत (पेनल्टी युनिट म्हणजे दंड मोजायचं सरकारी एकक) दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; शिवाय प्रत्येक प्राण्यामागे वेगळा दंड. मला जास्त काळजी दुसऱ्या कायद्याची वाटते. वॉम्बॅट आत असताना माती ओतली तर तो जिवंत गाडला जातो, आणि तिथे १९८६ चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा लागू शकतो. क्रूरतेमुळे प्राणी मेला तर कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. व्हिसाच्या नियमांत बारा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली की तो 'गंभीर गुन्हेगारी पूर्वेतिहास' धरतात. एवढी शिक्षा तुम्हाला होईलच असं मी म्हणत नाही. पण नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य तपासतात आणि दोषसिद्धी लपवता येत नाही. शेडच्या एका कोपऱ्यासाठी हा धोका कशाला घ्यायचा?

"रात्री तो चरायला गेला की बुजवू," असं मनात आलं असेल तर तेही नको. मादी असेल तर पिशवीतून बाहेर पडलेलं पिल्लू बिळातच थांबलेलं असू शकतं. पकडून दूर सोडणंही परवानगीशिवाय चालत नाही.

रस्ता आहे. व्हिक्टोरियाच्या कॉन्झर्वेशन रेग्युलेटरकडे (वन्यजीवांच्या परवानग्या देणारं सरकारी कार्यालय) 'वन्यजीव नियंत्रणाच्या अधिकारपत्रा'साठी अर्ज करा. मारण्याची नव्हे, बीळ रिकामं करून बंद करण्याची परवानगी मागा. बिळाला एकतर्फी झडप बसवून प्राणी बाहेर पडल्याची खात्री झाली की मग बुजवणं, असा प्रस्ताव द्या. न मारता काय काय करून पाहिलं हे ते विचारतीलच.

तोवर पुरावा जमवा : भेगेचे तारखेसह फोटो, बिळाच्या तोंडाशी मोजपट्टी धरून एक, आणि चौकोनी लेंड्यांचाही (हसू नका, बीळ वापरात असल्याची तीच खूण). बांधकाम अभियंत्याकडून शेड धोकादायक आहे का याचं दोन ओळींचं पत्र घ्या. कुंपण ते उकरत असतील तर तिथे वॉम्बॅटसाठी झुलतं फाटक बसवा. त्या भागात ते सर्रास दिसतं.

कागद हातात आला की त्यातल्या अटी आणि मुदत नीट वाचा. जेसीबीवाल्याचं नाव त्यात घालायचं का, हे अर्ज करतानाच विचारून घ्या.