गुढी उतरल्यावर निंबाचा पाला कुठे जातो?

प्रिय चिमणे,

ख्रिसमस संपल्यावर त्याचं झाड टाकून द्यायला खाली फुटपाथवर ठेवताना तू दोन प्रश्न विचारलेस. गावी सण संपला की आबाजी आणि आजी त्या सगळ्या वस्तू कुठे टाकतात? आणि त्यांचं नवीन वर्ष 1 जानेवारीला नसेल, तर जुनं संपतं तरी कधी? जिना उतरता उतरता देण्यासारखी ही उत्तरं नव्हती, म्हणून हे पत्र.

आधी दुसरा प्रश्न. गावात नवीन वर्ष एकच नसतं. तालुक्याचा व्यापारी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतो. बँकेचं वर्ष 1 एप्रिलला उघडतं. सातबारा ज्यांच्याकडे असतो त्या महसूल खात्याचं 1 ऑगस्टला. शेतकऱ्याचं मात्र चैत्रातल्या गुढीपाडव्याला. तो यंदा 19 मार्च 2026 ला आहे. त्या दिवशी शके 1948 लागेल. आज जानेवारीत अजून 1947 चालू आहे. हिशेब सोपा आहे: पाडव्याच्या आधी इसवी सनातून 79 वजा कर, नंतर 78.

पाडव्याची तारीख दर वर्षी का सरकते, हेही इथेच सांगतो. चंद्राचे बारा महिने साधारण 354 दिवसांत संपतात, सूर्यापेक्षा 11 दिवस आधी. हे असंच चालू दिलं तर पाडवा हळूहळू थंडीत, मग दिवाळीच्या दिवसांत जाईल. म्हणून साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालतात. पंचांगात तो अधिक मास, गावात धोंड्याचा महिना. यंदा ज्येष्ठ दोनदा येणार, त्यामुळे पुढचा पाडवा थेट 7 एप्रिल 2027 ला. दोन पाडव्यांमध्ये 384 दिवस!

हे 384 दिवस सालदारासाठी गमतीची गोष्ट नाही. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. त्याचं साल अनेक गावांत पाडव्याला सुटतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. बोलीत रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे किती, उचल किती आणि कधी, हे सगळं येतं. त्याच दिवशी जुनी उचल वजा होते, खाडे मोजले जातात, आणि राहिलं ते पुढच्या साली ओढलं जातं. धोंड्याचा महिना असेल तर त्याचं काय, हे बोलीच्या वेळीच ठरवून घेतलेलं बरं, नाही तर बारा महिन्यांच्या पैशात तेरा महिने जातात. मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, दिलेल्या जमिनीचे व्यवहारही याच सुमाराला उलटतात. तेव्हा जुनं वर्ष कधी संपतं, तर हिशेब मिटतो तेव्हा.

आता वस्तूंकडे. दिवाळीचा कंदील भाऊबीजेला उतरवत नाहीत. तुळशीचं लग्न होऊन कार्तिक पौर्णिमा आली की तो खाली येतो. पणत्या त्याच वेळी गोळा करतात. तेलकट पणती तशीच ठेवली तर तेल खवट होतं, मुंग्या लागतात, उंदीर येतात. म्हणून गरम पाणी आणि चुलीची राख लावून घासायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची, मग कागदात गुंडाळायची. ओल राहिली तर बुरशीचे पांढरे डाग पडतात. पुढच्या वर्षी वापरण्याआधी ती तीन-चार तास पाण्यात बुडवून ठेवतात. कोरड्या मातीची छिद्रं तेल पितात, आधी पाणी प्यायली की तेल वातीला उरतं.

झेंडूचं तोरण दारावरच वाळू देतात. फुलं कुरकुरीत झाली की हाताने चुरायची. आत काळ्या काड्यांसारखं बी निघतं, एका टोकाला फिकट शेपटी असलेलं. ते सुती कापडाच्या पुरचुंडीत ठेवतात, प्लास्टिकमध्ये नाही, कारण थोडा जरी ओलावा आत राहिला तरी बी सडतं. मृगाचा पाऊस पडला की बांधावर फेकायचं. बाजारातल्या संकरित गोंड्यांचं बी मात्र मूळ फुलासारखं येतंच असं नाही. निघालेला बाकी पाला उकिरड्यावर, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात. आंब्याची पानं, केळीचे खुंट, हार, सगळं तिथेच जातं आणि पावसाआधी खत होऊन शेतात परत येतं.

पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशीच गावाबाहेर नेऊन टाकतात, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत. मारबत म्हणजे पीडा सोबत घेऊन जाते असं मानलेली पुतळी. टाकून देण्याची ही एवढीच धूमधाम. बाकी सगळं आवरणं गुपचूप असतं.

होळीचं सांगायचं तर शेणाच्या चाकोल्या. मधे भोक असलेल्या छोट्या गोवऱ्या, दोरीत ओवून माळ करतात. होळीच्या निदान दहा-बारा दिवस आधी थापायला हव्यात, आणि बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. जाड झाली की वरून वाळलेली दिसते पण आत ओली राहते, आणि होळीत नुसता धूर करते. सकाळी उरलेल्या निखाऱ्यांवर आंघोळीचं पाणी तापवतात. गार झालेली राख चाळून बियाण्याच्या मुगात, तुरीत मिसळतात. बारीक राखेत किड्यांना हालचाल करता येत नाही, त्यांच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडलं जातं आणि ते वाळून मरतात.

पण आवरण्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम घरात नसतं, कापसाच्या शेतात असतं. वेचणी संपली तरी झाड हिरवं असतं. पाणी दिलं तर पुन्हा पात्या (कळ्या), फुलं, बोंडं धरतं. याला फरदड म्हणतात. हातात चार पैसे जास्त येतात म्हणून मोह होतो. पण गुलाबी बोंडअळी जगते मुख्यतः कापसावरच. शेत डिसेंबर-जानेवारीत मोकळं झालं तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली तर ती मार्च-एप्रिलपर्यंत पिढ्यांमागून पिढ्या वाढवते आणि जूनमध्ये नव्या पिकावर तयारच असते. 2017 च्या हंगामात विदर्भात या अळीने फार मोठं नुकसान केलं. झाड उपटल्यावर राहते ती पऱ्हाटी. ती चुलीला वर्षभर लागते, म्हणून लोक बांधावर गंजी लावतात. तिच्यातल्या न फुटलेल्या बोंडांत अळ्या झोपून राहतात. म्हणून आधी शेतात शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, त्या हिरवी बोंडं खाऊन टाकतात. मग पऱ्हाटी उपटायची, उरलेली बोंडं झटकून नष्ट करायची, आणि मगच सरपण घरी न्यायचं. माझ्या मते गावातलं खरं ‘झाड बाहेर ठेवणं’ हेच. ते उशिरा केलं तर शेजाऱ्याचंही पीक जातं.

आणि मग पाडवा. गुढीला सहा-सात फुटांचा सरळ बांबू लागतो. तो आदल्या दिवशी धुऊन वाळवतात, हळद-कुंकू लावतात. टोकाच्या खाली चार बोटांवर एक पेर असायला हवं, म्हणजे बांधलेली सुतळी घसरत नाही. कोरी साडी किंवा खण निऱ्या घालून त्या पेराच्या लगेच वर सुतळीने आवळायचा. वर निंबाचा डहाळा, आंब्याची पानं, फुलांचा हार आणि साखरेची गाठी. विदर्भात गाठी होळीपासूनच मुलांच्या गळ्यात असतात, त्यामुळे गुढीसाठी एक आधीच लपवून ठेवावी लागते! सगळ्यात शेवटी तांब्याचा गडवा पालथा. इथेच गडबड होते. बांबूचं टोक बारीक आणि गडव्याचं तोंड रुंद, त्यामुळे गडवा डुलतो आणि वाऱ्याने खणकन खाली येतो. उपाय म्हणजे टोकाला जुन्या कापडाचे तीन-चार वेढे द्यायचे, गडवा घट्ट बसेपर्यंत. बांबू एका जागी बांधला तर गोल फिरतो. पायाशी आणि कमरेइतक्या उंचीवर, असा दोन जागी बांधायचा.

गुढी सूर्य उगवल्यावर उभारतात. नंतर निंबाची चटणी: दहा-बारा कोवळी पानं किंवा चमचाभर फुलोरा, अर्धा चमचा ओवा, भिजवलेली चमचाभर हरभरा डाळ, सुपारीएवढा गूळ, थोडी चिंच, चिमूटभर हिंग आणि मीठ. पाने जून असतील तर कितीही गूळ घाला, कडूपणा झाकत नाही. वाटून लगेच खायची, ठेवली की आणखी कडू लागते. दुपारी पुरणाच्या पोळ्या.

सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवतात. साडी घडी करून कपाटात, नंतर कुणीतरी नेसतं. गडवा पाण्याच्या माठावर परत. बांबू गोठ्याच्या आढ्याला. गाठी फोडून मुलांना. आणि निंबाचा डहाळा धान्यात. पाडव्याच्या सुमाराला गहू आणि हरभरा नुकतेच घरात आलेले असतात. गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात आणि दाताखाली धरून पाहतात: कट्ट आवाज आला तर झाला, नुसता दबला तर अजून एक ऊन. मग तो रात्रभर पसरून थंड करायचा. गरमच कोठीत भरला तर आत घाम सुटतो आणि जाळी लागते. निंबाचा पाला वेगळा, सावलीत, हातात चुरेल इतका वाळवायचा. ओला पाला घातला तर किड्यांऐवजी बुरशी येते. तळाला एक थर, मधे एक, वर एक. निंब किड्यांना दूर ठेवतो, आधीच लागलेली कीड मारत नाही, म्हणून कोठी आधी रिकामी करून झाडून घ्यावी लागते.

पाडव्यानंतरही थोडं जुनं उरतं. पाण्याचा नवा माठ अनेक घरांत अक्षय तृतीयेलाच भरतात. त्याच संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते: शेतात 18 धान्यं गोलात मांडतात, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून पावसाचं भाकीत सांगतात. त्यामागे हवामानशास्त्र नाही, पण भाकिताची बातमी वऱ्हाडभर वाचली जाते.

आपल्या बाल्कनीतल्या गुढीसाठी झाडूचा लाकडी दांडा चालेल. त्याला पेर नसतं, म्हणून टोकाखाली आधी रबरबँड गच्च गुंडाळायचा, सुतळी त्याच्या लगेच वर. कोवळा निंब इथे मिळणार नाही. वाळलेल्या पाल्याची पूड चिमूटभर पुरे. गाठीऐवजी चहासाठी मिळते ती काडीवरची खडीसाखर दोऱ्यात बांधू. गडवा वरच्या फळीवर आहे. खुर्ची नीट धरायला आईला सांग आणि त्याचं तोंड किती बोटं रुंद आहे ते मोजून ठेव.

तुझे बाबा