माउन ते व्हिक्टोरिया धबधबा : जंगलप्रवास आखताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. चौदा दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिण भागातील क्रूगर, ओकावांगो, चोबे, ह्वांगे, व्हिक्टोरिया धबधबा आणि परतताना इटोशा एवढे सगळे बसवण्याची तुझी धडपड मी समजू शकतो, कारण एवढा खर्च करून पुन्हा कधी जाणे होईल याची खात्री नसते. तरीही क्रूगर, ह्वांगे आणि इटोशा या तिन्हींवर निःसंकोच काट मार. ती जंगले उत्तम आहेत, म्हणूनच त्यांना वेगळा प्रवास हवा. या खेपेला बोट्स्वानातील माउनला उतरून व्हिक्टोरिया धबधब्यावरून परत फिरावे, म्हणजे आल्या वाटेने मागे यावे लागत नाही. मध्ये जंगलाचे तीनच मुक्काम, प्रत्येकी तीन रात्रींचे, आणि शेवटी धबधब्यापाशी दोन रात्री ठेवाव्यात. मुक्काम बदलण्याच्या दिवशी एखादी फेरी हमखास बुडते. त्यामुळे दोन रात्री राहिले, तरी पदरात जंगलाचा पुरा दिवस एकच पडतो.

मुक्काम ठरवताना प्राण्यांची यादी बाजूला ठेव आणि पाणी कुठे, केव्हा असते ते पाहा. वैशाखात ताडोब्याच्या पाणवठ्यावर ताटकळलेल्या माणसाला याचे कारण सांगायला नको. तिकडे ऋतू मात्र उलटे आहेत. आपला पावसाळा तो तिथला कोरडा काळ, साधारण मे ते ऑक्टोबर. त्यातही ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशाची गोष्ट निराळी आहे. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात तिथल्या उन्हाळ्यात पडलेला पाऊस अगदी सौम्य उतारावरून, दाट दलदलीतून मुरत, रेंगाळत खाली येतो आणि माउनच्या आसपास पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. आभाळातून थेंब पडून महिने लोटलेले असतात, भोवतालचे रान करपलेले असते, आणि नेमका तेव्हा पूर येतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही. ती कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिचे बहुतेक पाणी हवेत विरून जाते. युनेस्कोने 2014 साली हा प्रदेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत 1000वे स्थळ म्हणून नोंदवला, त्या नोंदीमागे हा उलटा पूर आहे.

आपल्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत येतात, म्हणून तू ऑक्टोबरअखेर लिहिलेस. त्या दिवसांत पाण्याकाठी प्राण्यांची दाटी विलक्षण असते, हे खरे. पण उन्हाचा ताप कठीण असतो आणि झांबेझी नदी आटल्यामुळे धबधब्याचा झांबियाकडील भाग जवळजवळ कोरडा पडलेला असतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत धबधबा एवढा भरून वाहतो की तुषारांच्या पडद्यापलीकडे धड काही दिसत नाही, आणि तेव्हा रानात गवत उंच असते. माझे मत जुलै किंवा ऑगस्टच्या बाजूने आहे. ओकावांगो तेव्हा भरलेले असते, गवत विरळ झालेले असते आणि धबधबा पुरेसा वाहता असतो. शिवाय आफ्रिकेतील ठिपक्यांची रानकुत्री या काळात पिलांमुळे बिळाजवळ राहतात. आपल्या कोळसुंद्यांमागे वणवण केलेल्या तुला याचे मोल कळेल. एवढ्यासाठी रजा मागावी लागली तरी मागावी.

पहिला मुक्काम पाण्यातला असावा. मोकोरो नावाची उथळ होडी पूर्वी झाडाचे खोड कोरून करीत, आता ती बहुधा फायबरची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो आणि आपण पाण्याच्या पातळीला बसतो. कमळांच्या पानांमधून जाताना बोरूच्या काडीला चिकटलेला नखाएवढा बेडूक चेहऱ्याशी येतो. तिथे हत्तीसाठी घाई करू नये, नावाडी दाखवील ते पाहत राहावे. दुसरा मुक्काम ख्वाईला ठेव. हे क्षेत्र मोरेमी अभयारण्याला लागून आहे आणि गावाच्या संस्थेकडे असल्याने पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा गावाला मिळतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय उद्यानांत रात्री फिरता येत नाही, इथे येते. खर्चाच्या दृष्टीनेही ते खाजगी क्षेत्रांतल्या महागड्या तळांपेक्षा झेपणारे आहे.

तिसरा मुक्काम चोबे नदीकाठी, कसाने गावी. ख्वाईहून तिथे मोटारीने जाण्याचा रस्ता चोबे उद्यानातल्या सावुतीवरून, खोल वाळूतून जातो. तो एका दिवसात उरकू नये. चोबेतील एक रात्र कमी करून ती सावुतीला द्यावी, नाहीतर छोट्या विमानाने जावे. चोबेत दुपारनंतरची फेरी नावेतूनच घ्यावी. नदीतल्या सेडूडू बेटावर चरायला हत्ती सोंड वर धरून पोहत जातात. बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्यात या बेटावरून वाद होता आणि 1999 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोट्स्वानाचे ठरवले. 2022 च्या हवाई गणनेत बोट्स्वानात सुमारे 1,32,000 हत्ती आढळले, त्यामुळे या काठावर हत्ती दिसेल का, अशी धाकधूक बाळगण्याचे कारण नाही.

आता तयारीचे. छोट्या विमानात सामान बहुधा 15 ते 20 किलोच चालते आणि पिशवी मऊ, चाकांशिवाय लागते. मुंबई ते जोहान्सबर्ग आणि पुढे माउन ही तिकिटे एकत्र काढ. वेगळी काढल्यास सामान घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी तिचा व्हिसा लागतो. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असशील, तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घे. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचार. जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत हात गारठून जातात, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट हवेच. शाकाहाराचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळव. वाटेत लाळ-खुरकूत रोगासाठी उभारलेल्या कुंपणांच्या नाक्यांवर बुटांचे तळ औषधात बुडवावे लागतात आणि कच्चे मांस पलीकडे नेता येत नाही. तिथे तपासनिसांशी हुज्जत घालू नये. सरकारी उद्यानांतील तळांना कुंपण नसते, म्हणून अंधार पडल्यावर तंबूपासून दूर जाऊ नये.

जुलै-ऑगस्टच्या जागा वर्षभर आधी भरू लागतात. आधी मुक्काम पक्के कर, मगच विमानाकडे वळ. सुधारलेल्या आराखड्यात प्रत्येक मुक्कामासमोर त्या महिन्यात तिथे पाणी किती असेल, पुढच्या मुक्कामाला कसे जाणार आणि त्यात किती तास जातील, एवढे लिहून पाठव. ते वाचून मी पुढचे कळवीन.

कळावे, हे आशीर्वाद.