पणजोबांचा ‘सुरुंग’: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला ‘सुरुंगात’ होते, जमिनीखाली बोगदे खणायचे, असं आमच्याकडे सांगतात. घरात कागद एकही नाही. एक चांदीचं आणि एक पितळी रंगाचं अशी दोन पदकं तेवढी आहेत. शोध कुठून सुरू करावा? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: ‘सुरुंग’ या शब्दापासूनच. विहिरीच्या काळ्या दगडात दारू ठासून उडवतात तोही आपल्याकडे सुरुंग, आणि जुन्या मराठीत जमिनीखालून नेलेली वाटही सुरुंगच. त्यातून मराठा शिपायांची भरती होत असलेल्या खडकीच्या पलटणीचं नावच ‘सॅपर्स अँड मायनर्स’. या ‘मायनर’चं घरगुती भाषांतर ‘सुरुंगवाला’ झालं असेल तर नवल नाही. प्रत्यक्षात सॅपरचं बहुतेक काम जमिनीच्या वरचं: पूल बांधणं, रस्ते करणं, काटेरी तार ताणणं, खंदक पुढे पुढे खणत शत्रूच्या जवळ नेणं.

जमिनीखालून शत्रूच्या खंदकापर्यंत जाऊन स्फोट घडवणाऱ्या खास ‘टनेलिंग कंपन्या’ ब्रिटिशांनी फेब्रुवारी १९१५ पासून उभ्या केल्या. त्यांत कोळसा खाणींतले आणि गटारांची भुयारं खणणारे ब्रिटिश कामगार होते. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्याही कंपन्या आल्या. हिंदुस्थानी टनेलिंग कंपनी मात्र नव्हती. निमित्त घडलं ते हिंदी फौजेच्याच आघाडीवर. २० डिसेंबर १९१४ला जर्मनांनी फ्रान्समधल्या झिवांशीजवळ हिंदी फौजेतल्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा सुरुंग उडवले, त्यानंतर चक्रं फिरली.

आता तुमची पदकं. चांदीचं म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, पितळी रंगाचं आणि पंख असलेल्या देवतेचं म्हणजे व्हिक्टरी मेडल. तिसरं एक चांदणीच्या आकाराचं असतं. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात जे फ्रान्स-बेल्जियमला होते त्यांना ‘१९१४’ची चांदणी मिळाली, आणि १९१५ संपेपर्यंत इतर युद्धभूमीवर किंवा उशिरा पोचले त्यांना ‘१९१४-१५’ची. तुमच्याकडे चांदणी नाही. ती हरवली किंवा मोडीत गेली नसेल, तर पणजोबा लढाईवर गेले ते १९१६ किंवा त्यानंतर. हिंदी पायदळ डिव्हिजन तर १९१५च्या अखेरीस फ्रान्स सोडून गेल्या. मग मेसोपोटेमिया, म्हणजे बसरा-बगदादची बाजू, आधी तपासा. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘विलायत’, ‘फ्रान्स’ आणि ‘बसरा’ यांची सरमिसळ होते, त्यामुळे आठवणीपेक्षा धातूवर विश्वास ठेवा.

पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. (चांदणीवर हा मजकूर पाठीमागे असतो.) पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण सव्वाअकरा सेंटिमीटर. बटर पेपरची बारा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्टी कडेभोवती घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. न जमल्यास बॅटरीचा उजेड तिरका पाडून मोबाइलने चारी बाजूंचे फोटो काढा. ‘३’ आणि पुढे ‘एस. अँड एम.’ दिसलं तर पणजोबा मुंबई सॅपर्सचे, तेव्हाच्या ३ नंबरच्या सॅपर्स अँड मायनर्सचे. ‘पायोनियर्स’ दिसलं तर पलटण वेगळी. १०७, १२१, १२८ या मुंबईकडच्या पायोनियर पलटणी खणण्याचंच काम करत. आणि वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर ते शिपाई नव्हते, फौजेबरोबरचे कामगार होते.

कंपनीचा नंबर कळला की तिची युद्धदैनंदिनी शोधा. ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यू.ओ. ९५’ या मालिकेत आहे. तिच्यात पणजोबांचं नाव शोधू नका, साध्या सॅपरचं नाव क्वचितच येतं. कंपनी कोणत्या तारखेला कुठे होती, तेवढं उतरवून घ्या. चांदणी पुढे कधी सापडलीच, तर मुंबई सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांपासून सुरू करा. २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समधल्या नव शापेलला त्या फावडी ठेवून पायदळासारख्या चालून गेल्या आणि त्यांचे जवळपास सगळे इंग्रज अधिकारी पडले. जोडीला खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपकडे (मुंबई सॅपर्सचंच आजचं नाव) नंबरासह पत्र टाका. नंबर नसेल तर पत्राचा फारसा उपयोग नाही.

एक सावधानी. लाहोर म्युझियममधल्या भरतीच्या नोंदवह्या इंटरनेटवर आल्यापासून बरेच जण तिथे तास घालवतात. त्या पंजाबच्या आहेत, कोकणातला माणूस तिथे सापडायचा नाही.

प्रश्न: युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आडनाव टाकलं तर कुणीच येत नाही, नुसतं नाव टाकलं तर पन्नास येतात. काय चुकतंय? (एक वाचक, महाड)

उत्तर: आडनावच चुकतंय. फौजेच्या कागदावर अनेकदा नुसतं नाव, किंवा नाव आणि बापाचं नाव असे. म्हणून ‘अधिक माहिती’च्या रकान्यात बापाचं नाव आणि गाव पाहा: ‘गणूचा मुलगा, अमुक गाव, खेड, रत्नागिरी, मुंबई’ अशी नोंद असते. जिल्हे त्या काळचे धरा. रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता आणि सावंतवाडी वेगळं संस्थान. तुकारामच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच ‘ओ’, दोन ‘ओ’, ‘यू’ असं सगळं करून बघा. चिपळूणचंही तेच.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ही यादी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेल्यांची आहे. पेन्शन खाऊन घरी वारलेला माणूस त्यात नसतोच. त्याच्यासाठी गावातला जन्म-मृत्यूचा रजिस्टर, फेरफार आणि ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ असा संगमरवरी फलक असेल तर तो.

तुमचा माणूस १०३, ११० किंवा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत असेल, किंवा मुंबई सॅपर्सच्या १७ नंबरच्या कंपनीत, तर मेसोपोटेमियातल्या कूतचा वेढा ध्यानात ठेवा. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्या मार्गावर अमानस आणि टॉरस डोंगरांत बोगदे खणले जात होते. म्हणजे ‘बोगदा खणला’ ही आठवण कैदेतल्या मजुरीचीही असू शकते. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं जिनीव्हाच्या रेड क्रॉसने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, तिथेही शोधा.

प्रश्न: पदक काळं पडलंय. चिंच-रांगोळीने घासू का? (एक वाचक, मालवण)

उत्तर: नको. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दोन-तीनदा घासलं की नंबर गेला, आणि नंबर गेला की माणूस गेला. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा. जुनी रिबन धुऊ नका, रंग पसरतो. कागद आणि फोटो पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेत ठेवले की बुरशी धरतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि ओलावा ओढून त्या भरल्या की बदला. लॅमिनेशन मुळीच करू नका. एकदा चिकटलं की कागद सुटत नाही, आणि डिस्चार्जच्या कागदाची मागची बाजू, जिथे बहुधा नोकरीचा तपशील असतो, अस्पष्ट होऊन बसते.